शंभरातले एकसष्ट

रात्री सव्वादोन. बायान लेपासच्या चाचणीघरात
पंख्यांखेरीज कुणी बोलत नाही.
बाकावर दोन चिप, झाकणं काढलेल्या.
डावी सोळा कोअरची, पाच पूर्णांक दोन गिगाहर्ट्झ.
उजवी आठ कोअरची, तीन पूर्णांक नऊ.
झुलहेल्मीला लागून महिनाही झालेला नाही,
त्याने शाहुलच्या गाडीवरच्या एका ताटाची पैज लावली,
अर्थात डावीवर.
"आकडे काय खोटं बोलतात?"
मी म्हटलं, नाही रे,
विचारलं तेवढंच सांगतात.

काम दोघींना एकच दिलं:
सामुद्रधुनीतल्या जहाजांच्या जुन्या नोंदी,
एका नोंदीत दुसरीचा पत्ता,
दुसरीत तिसरीचा,
असं करत करत एक कोटीपर्यंत.

उजवी अकरा मिनिटं आधी मोकळी झाली.

झुलहेल्मीने केबल काढून पुन्हा लावली.
तापमान पाहिलं. मग माझ्याकडे.

मी मोजणीचा तक्ता उघडला.
डावीच्या दर शंभर ठोक्यांतले
एकसष्ट नुसते वाट पाहण्यात.
सेकंदाला पाच अब्ज वेळा ती विचारते, आलं का?
आणि मेमरी तिकडे
अजून चपला शोधते आहे.
उरलेले पंधरा कोअर हाताची घडी घालून उभे,
कारण पुढचा पत्ता अजून कुणाच्याच हाती नाही.
त्यात चाळिसाव्या सेकंदाला ती तापली
आणि आपला वेग आपणच उतरवला, निमूटपणे.
खोक्यावर छापलेला आकडा
त्यानंतर रात्रभर कुणाला दिसला नाही.

उजवीचा ठोका संथ.
पण एका ठोक्यात चार-चार सूचना उरकणारी,
लागेल ते उशाशी घेऊन बसणारी.
पुढचं वळण कुठे, हे ती आधीच ताडते
आणि ताडलेल्या वाटेने चालू लागते.
चुकते कधीकधी. चुकलं की केलेलं पुसून
मुकाट्याने फाट्यावर परत.
डावीही ताडते, पण जास्त वेळा चुकते,
आणि चुकीच्या गल्लीत
भरधाव शिरण्याला आम्ही इथे वेग म्हणत नाही.

"म्हणजे महागातली टाकाऊ?" तो म्हणाला.
बावीस वर्षांपूर्वी मीही असंच काहीतरी म्हटलं होतं,
दुसऱ्या कुणाला तरी, याच खोलीत.
उत्तर न देता दुसरं काम लावलं:
एका कार्टूनची नऊशे चित्रं रंगवायची,
प्रत्येक चित्र वेगळं, कुणी कुणाला काही विचारायचं नाही.
डावीचे सोळाही जण कामाला जुंपले.
तापली, वेग उतरला, तरी निम्म्या वेळात संपवून
ती पंखे फुरफुरवत बसली.
झुलहेल्मी खुर्चीवरून उठलाच.
"मग जिंकलं कोण?"

पाळी सुटली तेव्हा पुलावर धुकं होतं.
शाहुलकडे एकच कढई,
शेव, बटाटा, अंडं, माखलीची आमटी
सगळं कोपराच्या टप्प्यात,
गिऱ्हाईक वळणावर दिसलं की त्याचं तेल तापलेलं.
समोरच्या नव्या दुकानात सहा चुली,
ज्वाळा हातभर,
आणि सहा पोरं उलथणी धरून
एकाच फ्रीजच्या दाराकडे बघत उभी.
आत कुणीतरी वाकून अंडी शोधत होतं.

झुलहेल्मीने आधी चुली मोजल्या.
मोजून झाल्यावर फ्रीजकडे बघत राहिला बराच वेळ,
ताट थंड होईपर्यंत.
"पण लग्नाचं जेवण असलं," तो म्हणाला,
"आणि सगळं आधीच चिरून ठेवलेलं असलं, तर?"

मी हसले. ताटाचे पैसे मी दिले.
चहाचे त्याने.